सात फळांचं कपाट

थोरल्या दिरांचा निरोप अकरा वर्षांनी आला, आणि तोही परस्पर, जाऊबाईंच्या तोंडून.

"त्यांचं म्हणणं, ते कपाट तूच करावंस," जाऊबाई दारातूनच म्हणाल्या. आत या म्हटलं तरी आल्या नाहीत. आत आलं की बसावं लागतं, आणि बसलं की बोलावं लागतं.

धाकटी एका खुर्चीच्या पाठीवर ओला पाणकागद घासत होती. तिने हात थांबवला नाही. "कुठलं कपाट?"

"कुठलं म्हणजे काय गं? सात फळांचं."

"आणि गावातले बाकीचे पॉलिशवाले काय संपावर गेलेत?"

"चौघांना विचारलं," जाऊबाईंनी खरं ते सांगून टाकलं. बाई खोटं बोलायला कच्च्या होत्या. त्यांच्या घरात ते काम दुसऱ्या माणसाकडे होतं. "चौघांनीही तुझंच नाव घेतलं. यांचे हात आता थरथरतात. चहाची बशीसुद्धा धरवत नाही."

"अडला हरी," धाकटी म्हणाली, आणि म्हण तिथेच सोडून दिली. पुढचं गाढव कोण ते दोघींनाही कळलं. जाऊबाईंना हसू फुटलं, ते त्यांनी खोकून मोडलं.

"करते म्हणावं," धाकटी म्हणाली. "पण माझ्या खोलीत. आणि माझ्या पद्धतीने."

जाऊबाई गेल्यावर मात्र तिचा हात थांबला. खुर्चीवरचं पांढरं पाणी ओघळून खाली ठिबकत राहिलं.

ते कपाट तिच्या नवऱ्याने रंगवलं होतं. सगळा धंदा त्याला डावरा म्हणायचा, कारण तो डाव्या हाताने काम करायचा. दोन भावांचा एक कारखाना होता. गिऱ्हाईक थोरले सांभाळायचे आणि कुंचला डावरा. तीस वर्षांपूर्वी एका मोठ्या प्रदर्शनासाठी त्याने हे दोन दारांचं काळं कपाट केलं. त्यावर पानं झडलेलं एक झाड, झाडाला सात तांबडी फळं आणि खालच्या फांदीवर एक पक्षी, मान वर करून फळांकडे बघणारा. एवढंच. पण लोक त्याच्यासमोर उभे राहायचे ते हलायचे नाहीत. कपाटाला पहिलं बक्षीस मिळालं. मंचावर थोरल्यांना विचारलं, हे कुणी केलं, आणि थोरले म्हणाले, "मी."

डावरा तेव्हा मागच्या रांगेत, कपाट गुंडाळून आणलेलं घोंगडं मांडीवर घेऊन बसला होता.

आणि नुसतं "मी" म्हणून थांबले असते तरी एक वेळ चाललं असतं. थोरल्यांनी कहाणी सांगितली. ही सात फळं म्हणे त्यांनी तीन केसांच्या कुंचल्याने काढली. एकेक फळ एका श्वासात, श्वास सुटला की फळ बिघडलं. सात फळं, सात श्वास. ही कहाणी वर्तमानपत्रात आली, शिकाऊ पोरांना तोंडपाठ झाली. तीस वर्षं थोरले तिच्यावर जगले.

डावऱ्याने घरी येऊन भावाला एकच प्रश्न विचारला. आठवड्याभरात त्याला कारखान्याचं दार बंद झालं. मग तो लोकांच्या कारखान्यांत दारं-खिडक्या फवारत राहिला. तोंडाला फडकं बांधून, दिवसभर थिनरच्या धुक्यात. छाती गेली, मग अकरा वर्षांपूर्वी तो गेला. थोरले तेव्हा भेटायला आले, पाच मिनिटं बसले आणि उठता उठता म्हणाले, "हात चांगला होता त्याचा. डोकं नव्हतं."

ते वाक्य धाकटीने जपून ठेवलं होतं. कुणी दागिने ठेवतं तसं.

काम ती नवऱ्याकडूनच शिकली होती, आणि आता तिच्या तोडीचं कुणी नव्हतं. तिने केलेल्या टेबलावर पेला ठेवला तर दुसरा पेला खालून येऊन त्याला चिकटल्यासारखा दिसे. गिऱ्हाईकं तिला काचवाली म्हणत.

कपाट आलं तेव्हा ओळखू येईना. प्रदर्शनाच्या घाईत थोरल्यांनी स्वतः त्यावर लाखेचं जाड पॉलिश चोपडलं होतं. तेवढं मात्र खरंच त्यांनी केलेलं होतं. आता ते पिवळं, मधासारखं झालं होतं. कुठे पाण्याने पांढरं फटफटलेलं, कुठे कोळ्याच्या जाळ्यासारखं तडकलेलं. झाड धुक्यात उभं असावं तसं दिसत होतं.

मागोमाग थोरलेही आले. काठी टेकत, एक डोळा मिटून, दुसऱ्याने चाचपत. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते. पण पाठ अजून मंचावर उभं राहिल्यासारखी ताठ.

"कलाशाळेला देतोय," ते म्हणाले. "मोठ्या दालनात राहणार. पोरं बघून शिकतील. सात आठवड्यांनी समारंभ आहे. मला वरचा थर काचेसारखा पाहिजे, कळलं? कडक, स्वच्छ. शंभर वर्षं हलता कामा नये."

"शंभर वर्षं," धाकटी म्हणाली. "बरं."

"बरं काय बरं? जमेल ना? तुझ्या नवऱ्यासारखी मधेच तंद्री नको."

"तुम्ही निवांत राहा, भावजी. असं करते की तुमचं नाव निघेल."

थोरले खूश होऊन गेले. आणि धाकटीने दाराला कडी घालून मनातला बेत पुन्हा एकदा उलटसुलट तपासला. बेत सोपा होता. पॉलिशच्या धंद्यात पहिल्याच दिवशी शिकवतात: मऊवर कडक चढवू नये. खालचा हात पुरता वाळू द्यावा, हाडासारखा होऊ द्यावा, मगच वरचा कडक हात द्यावा. घाई केली तर वरून काही कळत नाही. पहिले काही महिने असं चकाकतं, की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं. मग पहिली कडक थंडी पडते. खालचा मऊ थर आकसतो, वरच्याला आकसता येत नाही, आणि एका सकाळी अख्खं कपाट सुकलेल्या तळ्यासारखं भेगाळून निघतं. कलाशाळेच्या मोठ्या दालनात. थोरल्यांच्या नावाच्या पाटीसकट. शिक्षक पोरांना सांगतील, बघा, मऊवर कडक चढवलं की काय होतं.

तिला हे इतकं आवडलं, की त्या दिवशी ती दोन घास जास्त जेवली.

पण आधी जुनं पॉलिश उतरवायला हवं होतं. ते काम दांडगाईचं नव्हे. काडीला कापूस गुंडाळायचा, स्पिरिटमध्ये बुडवून पिळायचा, दोन बोटांएवढ्या जागेवर फिरवायचा आणि लाख सुटली रे सुटली की लगेच कोरड्या फडक्याने उचलायची. खालचे तेलरंग तीस वर्षांत दगड झालेले, त्यांना स्पिरिट लगेच बाधत नाही. तरी एक क्षण जास्त रेंगाळलं तर भरवसा नाही. पाच दिवसांत पक्षी मोकळा झाला. त्याच्या पिसांवरचे कुंचल्याचे फटके सगळे उजवीकडून डावीकडे निमुळते होत गेलेले. डाव्या हाताचे. धाकटीला ते बघून बरं वाटलं आणि रागही आला.

सहाव्या दिवशी ती पहिल्या फळापाशी आली.

मधाचा थर निघाला, आणि फळाच्या आत रेघा दिसल्या. बारीक, एकात एक गोल गोल. ती खिडकीपाशी सरकली, भिंग घेतलं. रेघांचे भोवरे, आणि त्यांना वरून खाली तिरका कापत गेलेला एक कोरा चर.

तिने भिंग खाली ठेवलं. तो चर तिच्या ओळखीचा होता. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी पटाशी सटकून डावऱ्याच्या डाव्या अंगठ्यात शिरली होती. टाके घालताना हात तिनेच धरला होता. ती जखम नंतर वीस वर्षं तिच्या तळहाताला कळत होती, हात हातात घेतला की.

फळ कुंचल्याने काढलेलंच नव्हतं. डावऱ्याने अंगठा तांबड्यात बुडवून फांदीवर टेकवला होता.

दुसरंही तसंच. तिसरंही. दोन दिवसांत तिने सातही मोकळी केली. सात अंगठे, सात चर. आणि तिला एक जुनी गोष्ट आठवली. वर्तमानपत्रात ती सात श्वासांची कहाणी वाचून डावरा हसला होता. इतका, की त्याला ठसका लागला. "भाऊ म्हणतो कुंचल्याने काढली," तो म्हणाला होता, "म्हणू दे, म्हणू दे." आणि आपल्या अंगठ्याकडे बघत बसला होता. तिला तेव्हा वाटलं होतं, माणूस दुःखाने जरा सरकला.

थोरल्यांनी तीस वर्षांत ती फळं एकदाही नीट पाहिली नव्हती. ज्याने केलं नाही तो कशाला बघेल?

धाकटी जमिनीवर बसली. आधी रडली, मग रडता रडता तिचं तिलाच हसू आलं, मग दोन्ही थांबलं. आणि थांबल्यावर जो विचार आला तो फार थंड होता. आता भेगा पडून चालणार नव्हतं. भेगा पडल्या तर आधी हे सात ठसे फुटतील. आता हे कपाट खरोखरच शंभर वर्षं टिकायला हवं होतं. थोरल्यांनी मागितलं होतं अगदी तसं: कडक, स्वच्छ, काचेसारखं. इतकं स्वच्छ, की दालनाच्या दारातून रेघ दिसावी. इतकं कडक, की ती कुणाला पुसता येऊ नये.

दुसऱ्या दिवसापासून तिने आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम सुरू केलं.

सगळ्यांत फिकी लाख तिने स्पिरिटमध्ये विरघळवून पंधरा दिवस हलवल्याशिवाय ठेवली, कारण लाखेत मेण असतं, आणि मेणावर वरचा थर धरत नाही, सालीसारखा सुटतो. मेण तळाशी बसलं तेव्हा वरचं पाण्यासारखं नितळ तेवढं काढून घेतलं. तोवर तिने खोली धुतली, भिंती पुसल्या, तंतू उडू नयेत म्हणून लोकरीचे कपडे खोलीबाहेर काढले. नितळ लाखेचे दोन हात दिले, इतके पातळ की दिले न दिले. मग कडक लॅकरचा पहिला हात, आणि मग वाट पाहणं. या धंद्यात अर्धी कारागिरी वाट पाहण्यात आहे. डावरा म्हणायचा, नाकाला विचार. वास येतोय तोवर थर ओला, बोटाला कितीही कोरडा लागू दे. ती रोज सकाळी उठून कपाटाला नाक लावायची.

थोरल्यांना दम नव्हता. समारंभाला तीन आठवडे उरले तेव्हा ते काठी आपटत आले.

"अजून एकच हात? काय करतेस काय दिवसभर?"

"वास घेते."

"थट्टा नको करूस. आजच वरचा जाड हात देऊन टाक आणि मोकळी हो. कोण बघतंय खालचं?"

धाकटी त्यांच्याकडे बघतच राहिली. तिने जो सूड योजून सोडून दिला होता, तो थोरले आपल्या तोंडाने मागत होते. हो म्हटलं असतं की झालं असतं, आणि दोषही त्यांचाच.

"मऊवर कडक चढवू नये, भावजी," ती म्हणाली. "तडकतं."

"मला शिकवतेस?"

"तुमचं नाव जायचं. मी नाही देणार."

थोरल्यांचा आवाज मऊ झाला. "आहे हं," ते म्हणाले, "तुझ्यात आपल्या घराचं पाणी आहे. त्याच्यात नव्हतं." आणि धाकटीच्या खांद्यावर त्यांनी थरथरता हात ठेवला. तिने तो ठेवू दिला.

पाच हात झाले. प्रत्येकानंतर नाक, प्रत्येकानंतर पाण्याखाली बारीक कागद, मग त्याहून बारीक, मग मऊ फडक्याने गोल गोल घासणं, मनगट भरून येईपर्यंत. शेवटी तिने एका कोपऱ्यावर स्पिरिटचा बोळा दाबून धरला. डाग पडला नाही. नख ओढलं. नखच झिजलं.

समारंभाच्या आधीच्या आठवड्यात थोरले पितळी पाटी घेऊन आले. डोळ्यांचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, काळा चष्मा लावलेला. पाटीवर त्यांचं नाव होतं, आणि खाली: सात फळं, सात श्वास.

"तूच बसव. तुझा हात हलका आहे. दिसतंय कसं, सांग मला."

"काचेसारखं," ती म्हणाली. "सगळं दिसतं."

त्यांनी दारावरून तळवा फिरवला. बोटं थेट फळांवरून गेली. "वा," ते म्हणाले. "पाण्यावरून हात फिरवल्यासारखं." तिने खालच्या पट्टीवर चिकटपट्टी लावून, लॅकरचा टवका उडू नये म्हणून सावकाश चार भोकं पाडली आणि पाटी बसवली. स्क्रू शेवटपर्यंत आवळले.

समारंभ सकाळचा होता. दालनाच्या उंच खिडक्यांतून ऊन थेट कपाटावर पडलं होतं. थोरले नवा चष्मा लावून आले, त्याच सकाळी मिळालेला. येता येता ते जाऊबाईंना सांगत होते, "तू एवढी म्हातारी कधी झालीस?" जाऊबाई म्हणाल्या, "तुम्ही बघत नव्हतात तेव्हा." धाकटी मागच्या रांगेत बसली. डावरा बसला होता तशीच.

कलाशाळेच्या मुख्याध्यापिका चार शब्द बोलल्या आणि म्हणाल्या, "आता ती सात श्वासांची गोष्ट त्यांच्याच तोंडून ऐकू या. हवं तर कपाटाजवळ येऊन दाखवा, म्हणजे मुलांना कळेल."

थोरले काठी टेकत कपाटापाशी गेले. विद्यार्थी गोळा झाले. "हे बघा," ते म्हणाले, "तीन केसांचा कुंचला. श्वास रोखून…" आणि बोट दाखवायला म्हणून ते पहिल्या फळाकडे वाकले.

बोट तिथेच राहिलं.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग त्यांनी जे केलं ते तिथल्या कुणालाच कळलं नाही, फक्त धाकटीला कळलं. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि ते फळ पुसायला लागले. आधी हलकेच, धूळ पुसावी तसं. मग जोराने. मग रुमालाला थुंकी लावून. मग नखाने. नखाचा कर्र आवाज पार मागच्या रांगेत आला. चकाकी तसूभर हलली नाही. उलट, पुसल्यामुळे ठसा जास्तच उजळला.

"सर," पुढे उभी असलेली एक विद्यार्थिनी म्हणाली, अगदी निर्मळपणे, "हे कुंचल्याचं नाहीये. हा तर अंगठा आहे. रेघा बघा ना! आणि इथे कापल्याची खूण. सगळ्यांवर तीच खूण आहे."

मुलं पुढे सरकली. "हो की!" "इथेपण!" "सर, तुम्ही अंगठ्याने काढली?"

"हो," थोरले म्हणाले. "म्हणजे… हो. अंगठ्याने."

मागच्या रांगेतून धाकटीचा आवाज आला. ती ओरडली नाही. तिला कधी ओरडता आलंच नव्हतं. "मग अंगठा दाखवा ना, भावजी. पोरांना बघू दे."

थोरल्यांनी मूठ मिटली. दोन्ही मिटल्या. काठी खाली पडली, ती कुणी उचलली नाही.

धाकटी पुढे आली. पिशवीतून तिने डावऱ्याचं कारागिराचं ओळखपत्र काढलं, कडा कुरतडलेलं, आणि मुख्याध्यापिकांच्या हातात दिलं. फोटोच्या खाली डाव्या अंगठ्याचा निळा ठसा होता आणि त्यातून तिरका गेलेला चर. मुख्याध्यापिका कार्ड फळाजवळ धरून बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी थोरल्यांकडे पाहिलं, रागाने नाही. एखाद्या नापास पोराकडे बघावं तसं.

"काढून टाक ते," थोरले धाकटीला म्हणाले. "तू चढवलंस, तू काढ."

"निघत नाही," ती म्हणाली. "खरवडलं तर खालचं झाडही जाईल, पक्षीही. तुम्हीच म्हणालात, शंभर वर्षं हलता कामा नये." आणि मग, त्यांच्या कानाशी वाकून, फक्त त्यांना ऐकू जाईल असं: "डोकं नव्हतं त्याला, नाही का?"

जाऊबाईंनी काठी उचलली आणि नवऱ्याच्या हातात दिली. जाताना त्या धाकटीशी काही बोलल्या नाहीत. पण दारापाशी क्षणभर थांबून त्यांनी मागे वळून फळांकडे पाहिलं, आणि धाकटीला वाटलं, ह्या बाईला हे तीस वर्षं ठाऊक होतं की काय. ते तिने पुढे कधी विचारलं नाही.

पाटी त्याच दुपारी उतरवली. दुसरी नंतर वेगळी, भिंतीवर लागली. तिच्यावर डावऱ्याचं खरं नाव आहे.

"एक काम तेवढं कराल का, बाई?" मुख्याध्यापिका म्हणाल्या. "ही चार भोकं राहिली बघा. एवढ्या सुंदर कामात डोळ्यांना खुपतात. तुमच्याशिवाय कुणाला बुजवता येणार नाहीत."

धाकटीने थोरल्यांच्या पाटीच्या त्या चार भोकांवरून बोट फिरवलं. काम चार दिवसांचं होतं. काळ्या लाखेचा थेंब, तो वाळला की दुसरा, मग लॅकरचा थेंब, मग बारीक कागद. नंतर तिला स्वतःलासुद्धा जागा सापडली नसती.

"नाही हो," ती म्हणाली. "हा थर फार कडक आहे. कितीही बुजवलं तरी दिसणारच."

कामाच्या बाबतीत ती आयुष्यात पहिल्यांदाच खोटं बोलली, आणि तिला ते छान जमलं.